शुद्धलेखन बरोबर आहे

छत्तीस वर्षं मी एस.टी.त कंडक्टर होतो. त्यातली बावीस वर्षं यवतवरून आतल्या गावांना जाणाऱ्या गाडीवर. कोण कुठं उतरणार हे मला पाठ असायचं, माणसानं तोंड उघडायच्या आत मी तिकीट फाडायचो. थांब्यांची नावं कागदावर असतात ती निराळी आणि गाडीत चालतात ती निराळी. गाडीतलं नाव तिकीट मागणारा ठेवतो आणि कंडक्टर ते ओरडून पक्कं करतो. आमच्या गावाच्या अलीकडं असाच एक थांबा आहे. बावीस वर्षं मी तिथं घंटी मारून ओरडलो, "मिशन! मिशनवाले उतरा!" आज तिथं काय ओरडतात ते येईलच पुढं. आधी येशुदासचं सांगायला पाहिजे. गोष्ट त्याची आहे. मी तिच्यात आहे हे त्याचं दुर्दैव.

येशुदास आणि मी मिशनच्या बोर्डिंगात एका खोलीत वाढलो. तो कंपाउंडातलाच, ख्रिस्ती घरातला. मी धनगराचा. माझे आबा मेंढरं घेऊन आठ महिने कोकणाकडं, म्हणून मला बोर्डिंगात टाकलेलं. आम्ही दहावीत गेलो त्या वर्षी, म्हणजे एकोणऐंशी साली, आमच्या पाटोळे सरांच्या डोक्यात आलं की शाळेला सभागृह पाहिजे आणि ते पोरांनीच बांधायचं. दगड विहिरीतला निघालेला होता. सिमेंटला पैसा नव्हता, म्हणून चुना. आणि चुना मळायला घाणी.

घाणी म्हणजे जमिनीत गोल दगडी चर, त्यात फिरणारं भलंमोठं दगडी चाक आणि चाकाला लाकडी दांडा. चरात चुना, वाळू, गुळाचं पाणी घालायचं आणि दांडा बैलानं ओढायचा. मिशनकडं बैल नव्हता. पोरं होती! दांडा छातीला लावून आम्ही फिरायचो, प्रत्येकी रोज तीस फेरे. माझ्या पोटात रोज कळ यायची, बरोबर माझी पाळी आली की. येशा म्हणायचा, "जा, पड जरा. तुझं मी वढतो." त्याचे तीस आणि माझे तीस. त्याच्या तळहाताला फोड यायचे आणि मी बोर्डिंगच्या मागं जांभळीखाली भूमितीची प्रमेयं पाठ करत बसायचो. त्याला सगळं कळत होतं. कधी बोलला नाही.

बाहेरून एक मिस्त्री आणला होता, तो महिन्याभरात पळून गेला. मग ओळंबा आणि थापी येशाच्या हातात आली. पोरगं सोळा वर्षांचं, पण भिंत अशी सरळ उचलायचं की पाटोळे सर येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून दाखवायचे. परीक्षा जवळ आली तेव्हा सर त्याला म्हणाले, "येशू, तू आधी हॉल पुरा कर. परीक्षा काय, ऑक्टोबरला देता येईल." तरी तो मार्चमध्ये बसला, आणि गणितात नि इंग्रजीत गेला. मी बावन्न टक्क्यांनी पास झालो. ऑक्टोबर आला तेव्हा छपराचं काम निघालं होतं. ती ऑक्टोबरची परीक्षा आजतागायत राहिली आहे.

हॉल पुरा झाला, दारावर फरशी बसली : "हे सभागृह विद्यार्थ्यांनी श्रमदानाने बांधले." दान म्हणे! दान करणाऱ्याला निदान विचारतात तरी. एकाही पोराचं नाव त्या फरशीवर नाही.

पुढं मी एस.टी.ला लागलो आणि येशा गवंडी झाला. दुसरं काय होणार होता? सणसवाडीला कारखाने आले तशा तिथं भाड्याच्या खोल्या उठल्या, बाहेरून आलेल्या कामगारांसाठी. त्यातल्या निम्म्या ह्यानं बांधल्या असतील. दहा बाय दहा, वर पत्रा. चुन्याला जन्मात परत हात लागला नाही. लग्न कृपाबाईशी झालं, आणि बारा वर्षांनी, आशा सोडल्यावर, मुलगी झाली. तिचं नाव फेथ.

फेथला गळा होता. म्हणजे नुसती बरी गाते असं नाही. चर्चमध्ये ती उभी राहिली की आमच्यासारखे दुसऱ्या धर्माचे लोकही नाताळात बाहेर मांडवात थांबून ऐकायचे. पेटी शिकली, गाण्याच्या परीक्षा दिल्या, बी.ए. केलं, आणि शेवटी सणसवाडीलाच एका कंपनीत पॅकिंगला लागली. बापानं बांधलेल्या असल्याच एका खोलीत तीन मुलींबरोबर राहायची. उभं राहून आठ तास, मशीनचा आवाज एवढा की रात्री घसा दुखायचा. एकदा माझ्या गाडीत म्हणाली, "संपतकाका, तिथं मी गायले तर मलाच ऐकू येत नाही." आता ती सत्तावीस वर्षांची आहे.

मधल्या काळात शाळा मोठ्या रस्त्याला गेली, बोर्डिंग बंद पडलं. हॉलमध्ये कधी खत, कधी सरपंच पोपटरावांचा कांदा. कुणीतरी एकदा निधी आणून दगडी भिंतींवर सिमेंटचं प्लास्टर थापलं, त्यानं भिंती आतून ओल्या राहायला लागल्या. गावानं नाद सोडला होता. मग पुण्याहून अपेक्षा नावाची एक आर्किटेक्ट पोरगी आली. जुन्या इमारती नीट करणं हाच तिचा धंदा. एका संस्थेनं तिला पाठवलं होतं. हॉल दुरुस्त करायचा आणि गावाला द्यायचा, भजनी मंडळाला, चर्चच्या गायकांना, आमच्या धनगरांच्या गजी नाचाला, पोरांच्या नाटकाला. तिनं विचारलं, चुन्याचं काम कुणाला येतं? सगळ्यांनी येशाकडंच बोट दाखवलं.

येशाचा उजवा गुडघा गेला होता. कृपाबाई म्हणाल्या, "आता कशाला मरायला जाताय?" पण अपेक्षानं एक गोष्ट सांगितली आणि गडी उठला. हॉल झाला की रोज संध्याकाळी गाण्याचा वर्ग चालणार होता, आणि शिकवायला फेथ. संस्थेचा पगार, कंपनीपेक्षा थोडा कमी. "कमी तर कमी," येशा मला म्हणाला. "पोरगी घरी येईल, संपा. आन् गाईल. मला आनखी काय पायजे?"

दोन वर्षं त्यानं ते सिमेंट छिन्नीनं काढलं, वीत-वीत. बाभळीत गाडलेली घाणी उकरून काढली. अपेक्षानं भाड्यानं बैल आणले, तर येशा चाकाशेजारी उभा राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "आता आलं व्हय बैल! पंचेचाळीस वर्सं कुठं चरत हुतं?" चुना मुरला की थापीवर घेऊन उलटा धरायचा, पडला नाही तर पास. मला बोलावून दाखवायचा. एकदा उत्तरेच्या भिंतीवर हात फिरवत म्हणाला, "ही भिंत निम्मी तुझी. तुझ्या पोटदुखीत बांधलेली." आणि खो खो हसला. मला नाही हसू आलं.

आता माझं ऐका. मी रिटायर झालेला माणूस. माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप मी काढला, जुने फोटो मी गोळा केले, कोण जिवंत कोण मेलं ते मी शोधलं. आणि उद्घाटनाची पत्रिका छापून आली तर तिच्यावर पोपटरावांचं नाव, चर्चच्या पाळकसाहेबांचं नाव, मधोमध "मुख्य कारागीर येशुदास", आणि माझं कुठंच नाही. खाली आभारातसुद्धा नाही. माझ्या टाळक्यात राख गेली. पुण्याची माणसं येशाचे फोटो काढत होती, हाताचे, थापीचे, पार पायातल्या चपलेचे. आणि मी काय, फुकटचा हमाल?

त्याच आठवड्यात अपेक्षानं मला एकट्याला मोबाईलवर बोर्डाचा नमुना पाठवला. माझ्या शुद्धलेखनाची ख्याती होती, डेपोतल्या फळ्यावरच्या चुकासुद्धा मी खडूनं सुधारायचो. तिनं लिहिलं होतं, "काका, बोर्ड पुण्यातच बनवतोय. एकदा शुद्धलेखन बघून सांगा."

निळ्यावर पांढरी अक्षरं होती : "जीवनज्योती कला केंद्र".

आमच्या भागात कला केंद्र म्हणजे काय हे शेंबडं पोरही सांगेल. हायवेनं सोलापूरकडं निघालं की लागतात. संगीत बारीची थिएटरं, पेटी-तबला, घुंगरू, लावणी, बाहेर गाड्यांची रांग. तिथल्या बायका कलाकार आहेत, पोटासाठी नाचतात, मी त्यांना नावं ठेवणार नाही. बावीस वर्षांत त्यांच्यातल्या एकीनंही माझ्या गाडीत तिकीट चुकवलं नाही. नावं ठेवायची तर बघायला जाणाऱ्यांना ठेवा. पण आमच्याकडं हा शब्द काढला की बाप्ये गालात हसतात आणि बाया विषय बदलतात. पुण्याच्या पोरीला हे कुठून ठाऊक असणार? तिच्या लेखी कला म्हणजे कला आणि केंद्र म्हणजे केंद्र.

मला एका नजरेत कळलं. एक ओळ लिहायची होती, नाव बदला म्हणून. मी फोन हातात घेऊन ओट्यावर बसलो आणि मनात म्हटलं, बरी जिरेल. पत्रिकेवरची मोठी माणसं त्या बोर्डाखाली उभी राहून फोटो काढतील आणि सगळा तालुका हसेल. मग येतील संपतकाकाला विचारायला. मी लिहिलं, "शुद्धलेखन बरोबर आहे."

खोटं नव्हतं. एका काना-मात्रेची चूक नव्हती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी दोन बोर्ड आले. एक हॉलच्या गेटावर लागला, दुसरा बाणाचा, हायवेच्या वळणावर. येशा त्या दिवशी फरशीचा चुना आणायला दौंडला गेला होता, त्यानं बघितला नाही. संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी थांब्यावर बसलो होतो. एक जीप थांबली. आत पाच जण, परीटघडीचे कपडे, अत्तराचा वास. पुढं बसलेल्यानं विचारलं, "मामा, ते नवीन कला केंद्र कुठशी?"

मी मनात म्हटलं, लागला बार! आत अपेक्षा असेल, तिची पुण्याची मंडळी असतील, बघू आता काय उत्तर देतात. मी हात केला. "सरळ जावा. डाव्या अंगाला, दगडी इमारत."

बाणाचा बोर्ड नवा होता, पण बाण तिथं मी होतो.

आत अपेक्षा नव्हती. आत फेथ होती, वीस-बावीस पोरं घेऊन उद्याच्या गाण्याचा सराव करत. पुढचं मला पोरांकडून कळलं, आणि त्या पाचांतल्या एकानं फोनवर काढलेल्या व्हिडिओत मी ते बघितलंही. पाच माणसं दारात आली तशी तिला वाटलं, कुणाचे तरी पालक आहेत. ती उठली, स्वतःच्या हातानं खुर्च्या मांडल्या. "बसा ना काका, सराव चाललाय." ते बसले. एकानं विचारलं, "पार्टी कुठली हाय?" बारीत पार्टी म्हणजे नाचणाऱ्या बायकांचा संच. तिला वाटलं, चहापाण्याचं विचारतायत. ती हसून म्हणाली, "पार्टी उद्या आहे, उद्घाटन झाल्यावर. तुम्हीही या." "मग आज तुम्हीच म्हणा की एखादं."

आणि ती गायली. माझी फेथ! चुन्याच्या त्या भिंतींत पहिल्यांदा कुणीतरी ऐकायला बसलं होतं, म्हणून डोळे मिटून गायली. प्रभूचं गाणं. भिंतींनी आवाज असा उचलला की फोनवरच्या व्हिडिओतूनसुद्धा अंगावर काटा येतो. तिनं डोळे उघडले तेव्हा एक जण पुढं येऊन नोट धरून उभा होता आणि म्हणत होता, "पोरं कवा घालवताय?"

व्हिडिओ तिथंच संपतो. तो रात्रीत सगळ्यांच्या फोनवर गेला. वर लिहिलेलं, "मिशनमध्ये नवीन कला केंद्र, नवीन पाखरू."

सकाळी उद्घाटनाला पुण्याची माणसं आली, पाळकसाहेब दहा मिनिटं बसून उठले, पोपटराव आलेच नाहीत. पोरांपैकी एकही नाही. आयांनी घरात कोंडून घातली होती. भजनी मंडळानं ताप आल्याचा निरोप पाठवला, सगळ्या मंडळाला एकदम ताप! येशा नवा सदरा घालून दारात उभा होता. बोर्ड त्यानं पहाटेच बघितला होता. काढायला शिडी लावली तर शिडी पुरेना.

तेवढ्यात तीन बायका आल्या. पुढं रंभा. हायवेवरच्या एका थिएटरात तिनं पंचवीस वर्षं गाणं म्हटलेलं, आता पाय थकलेले. अंगभर पदर, हातात नारळ. ती शेवटच्या रांगेत बसली. सगळं आटपल्यावर येशासमोर नारळ ठेवून म्हणाली, "मिस्त्री, काय भिंती केल्यात! बोललं तरी गाणं वाटतंय. मी म्हनलं, पोरीबाळींना गळा शिकवायला जागा मिळंल हितं." मग गेटावरच्या गर्दीकडं बघितलं, हसणाऱ्या पोरांकडं, आणि म्हणाली, "ह्यो आमच्या पोटाचा शब्द हाय. त्याची शिवी कुनी केली? आमी न्हाई केली."

दोन वर्षांच्या कामाला शाबासकी दिली ती तिनं एकटीनं. आणि तिचाच फोटो काढून लोकांनी फिरवला : बघा, बाया आल्या.

ग्रामसभा झाली. पोपटराव म्हणाले, "आपल्या लेकीबाळींचा प्रश्न हाय." हे पोपटराव! ह्यांची गाडी हायवेला कुठं उभी असते हे मी बावीस वर्षं खिडकीतून बघितलंय. मी उठून बोलायला पाहिजे होतं. मी खाली बसूनच राहिलो. ठराव झाला, हॉलला कुलूप लागलं. अपेक्षानं रडत रडत बोर्ड बदलला, "सांस्कृतिक सभागृह" केला, पण आता उशीर झाला होता. संस्थेनं हात आखडता घेतला आणि फेथचा वर्ग सुरू व्हायच्या आधी संपला. तिनं कंपनीचा राजीनामा दोन महिन्यांपूर्वी दिला होता. जुनी जागा भरली होती. आता ती दुसऱ्या कंपनीत आहे, ठेकेदाराकडं, रोजंदारीवर. चर्चमध्येही गात नाही. कृपाबाई म्हणतात, घरात भांडी घासतानासुद्धा गुणगुणत नाही.

आणि थांबा? परवा मी त्याच गाडीनं येत होतो. कॉलेजच्या पोरांनी तिकीट मागितलं, "कला केंद्र, दोन." नवा कंडक्टर बिचारा परगावचा. त्यानं घंटी मारली आणि खणखणीत आवाजात पुकारलं, "कला केंद्रवाले उतरा!" गाडी हसली. उतरायला उठलेली एक म्हातारी पुन्हा खाली बसली. नाव एकदा असं बसलं की ते निघत नाही. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

शनिवारी संध्याकाळी येशा थांब्यावर येऊन बसतो, लेक यायची असते म्हणून. मीही जातो. गाडी येते, फेथ उतरत नाही. गाडी निघून गेली की अर्ध्या तासानं ती मागच्या थांब्यावरून चालत येताना दिसते, धुळीतनं, खांद्याला बॅग. दोन किलोमीटर.

गेल्या शनिवारी येशा म्हणाला, "आजबी मागंच उतरली." गुडघा चोळत होता.

"संपा, परवा अपेक्षाताई आल्या हुत्या. मी त्यांना म्हनलं, ताई, बोर्ड आमच्या संपतला दाखवायचा की आधी. त्यो कंडक्टर मानूस, नाव बघितल्याबरुबर त्याच्या ध्यानात आलं आसतं."

"मग? काय म्हणल्या?"

"कायबी न्हाई. खाली बघत बसल्या." तो माझ्याकडं वळला. डोळ्यांत कसलाही संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तू सांगितलं आसतंस ना रं?"

"व्हय," मी म्हणालो. "सांगितलं असतं."

त्यानं मान हलवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसाच, पोट दुखतंय म्हटल्यावर. समोरून फेथ येत होती. जवळ आल्यावर तिनं बॅग खाली ठेवली, बापाला उठायला हात दिला आणि त्यांच्या ख्रिस्ती रीतीनं मला म्हणाली, "सलाम, काका." आवाज इतका बारीक होता की मला पुढं वाकून ऐकावं लागलं.